आधी मंजुरी की मागून झाडलोट?

ग्रुपात पन्नासेक माणसं असतात आणि बहुतेक एकमेकांच्या ओळखीची असतात, तोवर ॲडमिनला फारसं काम नसतं. कुणी भरकटलं तर दुसरं कुणी चिमटा काढतं आणि गाडी रुळावर येते. अनोळखी माणसं यायला लागली की मात्र ठरवावं लागतं: प्रत्येक पोस्ट आधी आपण वाचायची आणि मग ग्रुपात सोडायची, की सगळ्यांना थेट लिहू द्यायचं आणि नको असेल ते मागून काढायचं? नियम पिन करणं, सभासद घेताना दोन प्रश्न विचारणं, जाहिरातवाल्यांना हाकलणं हे दोन्हीकडे करावंच लागतं, आणि ते तुम्ही करतच असाल. त्यात शिरत नाही.

मी आकाशदर्शनाच्या ग्रुपांत ॲडमिनकी केली आहे, आधी मंजुरीच्या आणि नंतर मोकळ्या. तुमचा छंद वेगळा असेल, शाईच्या पेनांचा, माशांच्या टाक्यांचा, जुन्या नाण्यांचा. भांडणं थोड्याफार फरकाने सारखीच असतात.

काही वेळा ही निवड ॲपच करून टाकतं. व्हॉट्सॲपवर एकेक मेसेज तपासून सोडायची सोय नाही. एक तर सगळे लिहिणार, नाहीतर फक्त ॲडमिन. दुसऱ्याचा मेसेज सगळ्यांसाठी काढून टाकायची मुभा ॲडमिनला मिळाली तीही २०२२ मध्ये. फेसबुकच्या ग्रुपांत मंजुरीची रांग आहे. कल्पना म्हणाल तर जुनीच. युजनेटवर, म्हणजे वेबच्याही आधीच्या संगणक-चर्चामंडळांत, १९८० च्या दशकातच काही ग्रुप असे होते, की तुम्ही लिहिलेलं ईमेलने मॉडरेटरकडे जायचं आणि त्याने सोडलं तरच इतरांना दिसायचं.

मंजुरीचं कौतुक आधी करतो, कारण ते खरं आहे. दर ऑगस्टात एक फॉरवर्ड येतो: २७ तारखेला मंगळ पौर्णिमेच्या चंद्राएवढा दिसणार, ही संधी पुन्हा नाही. २७ ऑगस्ट २००३ ला मंगळ खरोखरच पृथ्वीपासून सुमारे ५.५८ कोटी किलोमीटरवर आला होता, आणि जवळजवळ साठ हजार वर्षांत तो इतका जवळ आला नव्हता. मूळ ईमेलात म्हटलं होतं, की ७५ पट मोठं दाखवणाऱ्या दुर्बिणीतून मंगळ नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या चंद्राएवढा दिसेल. पुढे पाठवणाऱ्यांच्या हातून दुर्बीण गळाली, साल गळालं, चंद्र तेवढा राहिला. मंजुरीच्या ग्रुपात हा फॉरवर्ड रांगेतच मरतो. मोकळ्या ग्रुपात तो येतो, आणि मिनिटभरात चौघेजण त्या माणसावर तुटून पडतात. बिचाऱ्याने हौसेने टाकलेलं असतं. तो पुन्हा तोंड उघडत नाही.

शनीच्या कड्यांच्या फोटोआडून येणारं राशिभविष्य, चंद्रावर माणूस गेलाच नाही असं सांगणारे व्हिडिओ, राजकारण, सुप्रभात, या सगळ्यांच्या बाबतीत मंजुरी उजवी. बाहेरून बघणाऱ्याला असा ग्रुप फार नेटका दिसतो.

पण नेटका म्हणजे सभ्य असं मात्र नाही. फेसबुकच्या ग्रुपात मंजुरी लागते ती मूळ पोस्टला, खालच्या कॉमेंट थेट उमटतात. आणि भांडण पोस्टीत सहसा नसतंच, ते खाली असतं. कुणीतरी मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाचा, म्हणजे तिथल्या वायू-धुळीच्या उजळ ढगाचा, सुंदर फोटो टाकतो. दुसरी-तिसरी कॉमेंट येते, ‘रंग जरा ओढूनताणून आणलेत.’ मग कुणी म्हणतं, ‘सरळ फोटोशॉप आहे.’ मग फोटो काढणारा विचारतो, तुमच्याकडे दुर्बीण कोणती आहे. तिथून पुढे तेजोमेघ बाजूला राहतो आणि एकमेकांच्या खिशांची मोजदाद सुरू होते. लांब एक्स्पोजर दिलं की डोळ्यांना न दिसणारे रंग कॅमेऱ्यात उतरतात, हे दोघांनाही ठाऊक असतं. तुम्ही मंजूर केलेली पोस्ट अगदी सोज्वळ होती. म्हणजे रांग सांभाळूनही खालची झाडलोट काही सुटत नाही.

उशीर हा मंजुरीवरचा नेहमीचा आक्षेप. आमच्या छंदात तो जास्तच बोचतो, कारण आकाश थांबत नाही. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक डोक्यावरून जातं ते फार तर सहा-सात मिनिटं. ‘आत्ता वायव्येकडून येतंय, बाहेर पडा’ ही पोस्ट मी जेवण आटोपून मंजूर केली तर तिचा उपयोग कुणाला? १० मे २०२४ च्या रात्री सौर वादळामुळे एरवी जिथे दिसत नाही अशा अक्षांशांवरूनही ध्रुवीय प्रकाश दिसला. तशा रात्री रांग म्हणजे शुद्ध अडथळा. तरी यावर तोड निघते. ‘आत्ता दिसतंय’ असा एक धागा कायमचा मंजूर करून ठेवायचा आणि खाली थेट कॉमेंट टाकायला सांगायचं, किंवा वेगवेगळ्या देशांतले ॲडमिन घ्यायचे म्हणजे कुणी ना कुणी जागं असतं. केवळ उशिरापायी मी मंजुरी सोडली नसती.

सोडली ती एका वेगळ्याच कटकटीपायी, आणि ही कटकट मला कुठल्याच तुलनेत वाचायला मिळाली नव्हती.

रात्री उशिरा खासगीत मेसेज येतो, ‘सर, माझी पोस्ट दिसत नाहीये.’ पोस्ट असते, पहिली दुर्बीण कोणती घ्यावी. त्याच आठवड्यात त्यावर लांबलचक धागा झालेला असतो, म्हणून अडवलेली. मी धाग्याची लिंक देतो. ‘हो, ते वाचलं. पण माझं बजेट वेगळं आहे.’ ठीक. ‘आणि काल त्यांची फिल्टरची पोस्ट घेतलीत, तोही प्रश्न जुनाच होता.’ सोबत स्क्रीनशॉट. यावर बोलायला काही उरत नाही, कारण तो बरोबर असतो. ती पोस्ट दुसऱ्या ॲडमिनने घेतलेली असते. मी गप्प बसलो की तो त्या दुसऱ्या ॲडमिनला गाठतो. आई नाही म्हणाली की मुलं बाबांकडे जातात, तसं. बाबांना आतलं काही ठाऊक नसतं, ते हो म्हणतात. सकाळी पोस्ट ग्रुपात, आणि खाली तिसऱ्याच कुणाचा तरी सवाल, की माझा असाच प्रश्न महिन्यापूर्वी का नाही घेतला.

ॲडमिन वाढवले की उशीर कमी होतो, पण ही कटकट वाढते. नियम बारकाईने लिहून बघा, तरी सुटत नाही. नाकारलेली पोस्ट ग्रुपात कुणालाच दिसत नाही, त्यामुळे ती का नाकारली हेही कुणाला कळत नाही. आज एकाला समजावलं, उद्या दुसऱ्याला तेच, परवा तिसऱ्याला, सगळं खासगीत. ज्याची अडली त्याला वाटतं आपल्यावरच राग आहे. बाकीच्यांना अडवाअडवी होते याचा पत्ताच नसतो.

शिवाय जे सोडलं त्यावर आपला शिक्का बसतो. कुणाच्या पोस्टीत ग्रहणाची वेळ चुकली, तर माझ्याकडे तक्रार, ‘तुम्हीच तर मंजूर केलीत.’ मी ती शिवीगाळ नाही ना, विषयाला धरून आहे ना, एवढंच बघून सोडलेली असते. पण वाचणाऱ्याला मंजुरी म्हणजे तपासणी वाटते, आणि त्यात त्याचं फार चुकतं असंही नाही.

मोकळ्या ग्रुपात दुर्बिणीचा तोच प्रश्न येतो, अगदी महिन्यातून चारदा. फरक इतकाच, की तिथे जुन्या धाग्याची लिंक मी देत नाही. कुणीतरी नेहमीचा सभासद देतो, जमलं तर वर दोन ओळी स्वतःच्या लिहितो, आणि ते पन्नास जण वाचतात. मंगळाचा फॉरवर्डही येतो. पहिल्या वेळी तुटून पडणाऱ्यांना आवरायला ॲडमिनला मध्ये पडावं लागतं: टिंगलीच्या कॉमेंट काढायच्या, २००३ ची हकिगत सांगणारी ठेवायची, आणि तसं केल्याचं एका ओळीत तिथेच लिहायचं. पुढच्या ऑगस्टात ती हकिगत दुसऱ्याच कुणीतरी, बऱ्या शब्दांत सांगितलेली दिसते. आमच्याकडे तरी असं झालं. ‘अवांतर’ म्हणून टोकणंही हळूहळू सभासदांनीच अंगावर घेतलं, कधीकधी गरजेपेक्षा जास्त उत्साहाने.

आणखी एक गोष्ट मोजून दाखवता येणार नाही, पण जाणवते. मंजुरीच्या ग्रुपात नवखा माणूस लिहायला बिचकतो. ‘रोज संध्याकाळी पश्चिमेला एवढा मोठा दिवा कसला दिसतो?’ असा प्रश्न रांगेत आला की ॲडमिन खासगीत ‘शुक्र’ म्हणून कळवून मोकळा होतो. उघड्यावर तोच प्रश्न आला तर कुणी सांगतं, की शुक्रालाही चंद्रासारख्या कला असतात. कुणी सांगतं, थोडे आठवडे थांबा, त्याची कोर बारीक होत जाईल तशी मोठीही होईल आणि चांगल्या द्विनेत्रीतूनही (बायनॉक्युलरमधूनही) दिसेल. विचारणारा द्विनेत्री शोधायला लागतो. ग्रुप काढला होता तो यासाठीच ना?

आता मोकळ्या ग्रुपाचा त्रास. मेसेज काढेपर्यंत तो बऱ्याच जणांच्या फोनवर वाजून गेलेला असतो, तो परत घेता येत नाही. व्हॉट्सॲपवर काढलेल्या जागी ॲडमिनने काढल्याची ओळ नावासकट उरते, आणि मूळ मेसेजकडे ढुंकूनही न बघणारी माणसं विचारू लागतात, काय होतं, काय उडवलं? यावर उपाय म्हणजे काढताक्षणी आपणच लिहायचं: ‘राजकारण होतं, काढलं.’ माणसाचं नाव घ्यायचं नाही, पोस्टीबद्दल बोलायचं. त्याला काही सांगायचं असेल तर खासगीत, पण आपण होऊन, त्याने विचारायच्या आत. हे कंटाळवाणं काम आहे आणि पहिले काही महिने ते पुष्कळ असतं, हे लपवत नाही.

वाद पेटलाच तर टेलिग्रामवरचा स्लो मोड फार कामाचा. २०१९ पासून तो आहे, एकाच माणसाला दोन मेसेजमध्ये काही सेकंदांपासून तासापर्यंत थांबायला लावता येतं. तास लावलात तर गप्पाच मरतील. पाच मिनिटं मला बरी वाटली. तेवढ्यात माणूस दुसऱ्याचं पूर्ण वाचतो, आणि उत्तरात ‘तुम्ही’चा ‘तू’ होत नाही. विषयवार कप्पे करता येत असतील तर गप्पांचाही एक कप्पा उघडा. अवांतराला जागा दिली की ते बाकीकडे कमी सांडतं.

नव्या सभासदाच्या पहिल्या दोन-चार पोस्टी तेवढ्या रांगेत ठेवायच्या, मग त्याला मोकळं सोडायचं, असंही करता येतं. डिस्कोर्स या चर्चामंच चालवायच्या सॉफ्टवेअरमध्ये सभासदांच्या शून्य ते चार अशा विश्वासाच्या पायऱ्याच आहेत, आणि नवख्यांचं लिखाण आधी तपासायला ठेवता येतं. सोय असेल तर जरूर करा. जाहिरातवाले इथेच अडकतात आणि खासगीतल्या ‘का?’ला एकदाच तोंड द्यावं लागतं. माझ्या लेखी हा मोकळाच ग्रुप.

तरीही काही ठिकाणी मी स्वतः मंजुरीच ठेवीन. खरेदी-विक्री चालत असेल तिथे, कारण फसवणूक झाल्यावर पोस्ट काढून उपयोग नसतो. शाळकरी मुलं सभासद असतील तिथे. आणि ग्रुप मुळात नोंदींसाठी असेल तर, म्हणजे रूपविकारी (तेज कमी-जास्त होणाऱ्या) ताऱ्यांची निरीक्षणं, तारीख-वेळेसकट, गप्पा नकोतच. तिथे रांग म्हणजे खरोखरची तपासणी असते आणि ‘तुम्हीच मंजूर केलीत’ हे बोलणं ऐकून घ्यायची तयारीही असते.

ॲडमिन एकटाच असेल तर? बहुतेक जण म्हणतील मंजुरी ठेवा, निर्धास्त झोपता येईल. मला उलट वाटतं, अर्थात तुमचा ग्रुप तुम्ही जास्त ओळखता. मंजुरीत तुम्ही झोपलात की ग्रुपही झोपतो, आणि तुम्ही आठवडाभर आजारी पडलात तर लोक दुसरीकडे जातात. मोकळ्या ग्रुपात तुम्ही झोपलेले असताना आग लागेल ही भीती असते, पण वाटते त्याहून ती क्वचित लागते. बहुतेक सकाळी उठून बघावं तर कुणीतरी भलतंच टाकलेलं असतं, खाली दोघांनी ‘इथे नको’ म्हटलेलं असतं, आणि गप्पा पुढे गुरूच्या चंद्रांवर गेलेल्या असतात.

मंजुरीतून मोकळं करायचं ठरवलंत तर सगळ्या ॲडमिननी आधी एक गोष्ट आपसांत पक्की करावी: एकाने काढलेलं दुसऱ्याने त्याला न विचारता परत आणायचं नाही. नाहीतर आई-बाबांचा खेळ इथेही सुरू होतो, फक्त चारचौघांत. आणि ग्रहणाच्या किंवा धूमकेतूच्या आठवड्यात हा बदल करू नका. तेव्हा नव्या लोकांचा लोंढा येतो, त्यांना जुनी पद्धत ठाऊक नसते आणि नवी अजून बसलेली नसते. आकाशात विशेष काही नाही असे दोन-तीन आठवडे बघून ठेवा. पावसाळी असतील तर उत्तम.