टलग्रेन नरसाळे: घ्यावे का, आणि घेतले तर कसले

मातीतले स्प्रिंगटेल, माइट, छद्मविंचू असले बारीक जीव चिमट्याने वेचायचे म्हटले तर मूठभर मातीत दिवस सरतो. हे नरसाळे त्यांना आपल्या पायांनी बाहेर यायला लावते. वरून ऊब मिळते, माती वरून सुकत जाते, ओलाव्यामागे जीव खाली सरकतात आणि जाळीतून अल्कोहोलच्या बाटलीत पडतात. इटलीच्या आंतोनिओ बर्लीजने १९०५ मध्ये गरम पाण्याच्या आवरणाचे नरसाळे मांडले. स्वीडनच्या आल्बर्ट टलग्रेनने १९१८ मध्ये त्यावर विजेचा दिवा आणला. आजचे तयार संच मुळात तेच आहेत. चांगला कोणता आणि वाईट कोणता, ते जोडकामावर ठरते.

पहिली तपासणी दिव्याची. आता काही संचांत एलईडी येतो आणि तो इथे कुचकामी आहे. उजेड भरपूर पण ऊब जवळपास नाही. आठवडा उलटला तरी माती ओलीच राहते आणि वर बुरशी धरते. तारेचा २५ किंवा ४० वॅटचा जुना बल्ब हवा, आणि त्याला रेग्युलेटर हवाच. ६० वॅटचा बल्ब जवळ लटकवणारे संच दिसायला जोरदार, पण वरचा थर एका दिवसात भाजून निघतो. चपळ जीव सुटतात. मंद चालणारे माइट आणि पिल्ले मातीतच वाळून मरतात. म्हणजे आकडा नुसता कमी येत नाही, तो एका बाजूला झुकतो, आणि हे बाटलीकडे बघून कळत नाही. पहिले दोन दिवस मंद आच, मग हळूहळू वाढवत एकूण पाच ते सात दिवस, ही रीत सोडू नये. कुजका पालापाचोळा चिंब असेल तर आणखी वेळ द्यावा.

जाळी सुटी निघणारी घ्यावी, भोके साधारण २ मिमीची. त्याहून मोठी असली तर वाणी किड्यांची सोय होते, पण मातीही बाटलीत उतरते आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली चिखल चिवडत बसावे लागते. नरसाळ्याची भिंत गुळगुळीत आणि तीव्र उताराची हवी. उथळ नरसाळ्यात आतून पाणी साचते आणि बारीक जीव त्या थेंबांत अडकून तिथेच राहतात. म्हणून नमुना भिंतीला टेकवू नये. बोटभर फट ठेवली की दमट हवा निघून जाते.

माहितीपत्रकात बहुधा नसते ती गोष्ट म्हणजे नमुना उलटा ठेवणे. ५ सेंमी व्यासाचा, तेवढ्याच उंचीचा मातीचा गोल अखंड काढावा आणि वरची बाजू खाली करून जाळीवर ठेवावा. बहुतेक जीव वरच्या थरातच असतात, त्यांची वाट आखूड होते, आणि मातीतली मूळची छिद्रे मोकळी राहतात. माती चुरगाळली की छिद्रेही गेली आणि धूळही पडली. बाटली आधीच लावू नका: नमुना ठेवताना खाली कागद धरा, सांडलेली माती परत वर टाका, मग बाटली जोडा.

बाटलीत ७० टक्के अल्कोहोल चालते, पण आठवडाभरात ते उडते. मधे पातळी बघून भर घालावी लागते. प्रोपिलीन ग्लायकॉल ठेवले तर ही कटकट मिटते. डीएनए काढायचा असेल तर जीव शेवटी ९५ टक्के अल्कोहोलमध्येच जायला हवेत. स्प्रिंगटेलच्या अंगाला पाणी चिकटत नाही, ते वर तरंगतात. भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब पुरे.

एकच नरसाळे विकत घेणे मात्र पैसे वाया घालवणे आहे. हे जीव जमिनीत झुंडीने, ठिकठिकाणी असतात. हातभर अंतरावरचे दोन नमुने एकमेकांशी जुळत नाहीत. आठ-दहा नरसाळी एकाच वेळी, एकाच आचेवर चालली तरच तुलना करता येते. थांबलेले नमुने फ्रिजमध्ये ठेवता येतात, पण काही दिवसच.

सूत्रकृमींसाठी हे यंत्र घेऊ नये. ते पाण्याच्या थरात जगतात, त्यांना पाण्याने भरलेले बेर्मान नरसाळेच लागते. गांडुळांसाठी खणून हाताने वेचणे बरे. अंडी आणि सुप्त अवस्थेतले जीव तर हलणारच नाहीत. चिकणमातीतही निकाल भुसभुशीत वनमातीपेक्षा फिका येतो.

वीज नसलेल्या जागी घडीचे कापडी नरसाळे घेण्याऐवजी विंकलर पिशवी घ्यावी: पाला चाळून जाळीच्या पिशवीत भरायचा आणि दोन-तीन दिवस लटकवून ठेवायचा. मुंग्यांसाठी ती उत्तमच आहे. माइटची मोजणी करायची असेल तर मात्र दिव्याशिवाय गत्यंतर नाही.