सुट्टीत अ‍ॅडव्हान्स्ड केमिस्ट्रीची तयारी: व्हिडिओ की पुस्तक?

पुढच्या वर्षी अ‍ॅडव्हान्स्ड केमिस्ट्री घेतलीय आणि मधली सुट्टी मोकळी आहे, अशा वेळी साधारण दोन पर्याय समोर येतात. एक म्हणजे युनिटवार लावलेली व्हिडिओ सीरिज, दुसरा म्हणजे जनरल केमिस्ट्रीचं जाडजूड पुस्तक आणि एक वही. मी दोन्ही केलंय, आधी व्हिडिओ आणि मग पुस्तक.

काय करायचं ते दोन्हीकडे सारखंच. मोल (कण मोजायचं एकक), मोलॅरिटी (एका लिटर द्रावणात किती मोल), लिमिटिंग रिएजंट (रिअ‍ॅक्शनमध्ये आधी संपणारा पदार्थ), नायट्रेट-नायट्राइट सल्फेट-सल्फाइट असे आयन त्यांच्या चार्जसकट पाठ, आणि कुठले सॉल्ट पाण्यात विरघळतात कुठले तळाशी बसतात. एवढं पक्कं झालं तरी खूप, कारण कोर्स सुरू झाल्यावर हे तुम्हाला येतंच असं धरून पुढे जातात आणि मग इक्विलिब्रियमच्या (दोन्ही दिशांनी चालणाऱ्या रिअ‍ॅक्शनच्या समतोलाच्या) गणितात इक्विलिब्रियमपेक्षा मोलच जास्त नडतो.

व्हिडिओ सुरू करायला कष्ट नाहीत, हा मोठा फायदा आहे, सुट्टीत तर फारच. काही गोष्टी तर बघूनच कळतात. अमोनियात नायट्रोजनला तीनच हायड्रोजन, तरी तो सपाट न बसता पिरॅमिडसारखा का बसतो, नायट्रोजनवरची लोन पेअर, म्हणजे बाँडमध्ये न अडकलेली इलेक्ट्रॉनची जोडी, कशी बाकीच्यांना खाली ढकलते, हे मॉडेल फिरवून दाखवलं की डोक्यात बसतं, पुस्तकातल्या तुटक रेघांनी माझ्या तरी नाही बसलं. इलेक्ट्रोकेमिकल सेलमध्ये (बॅटरीसारख्या) इलेक्ट्रॉन वायरमधून जातात आणि आयन दोन भांडी जोडणाऱ्या सॉल्ट ब्रिजमधून, हेही तसंच.

पण माझं घोडं अडलं ते भलतीकडेच. एकदा पाहिलेली गोष्ट परत सापडायची नाही! वीक अ‍ॅसिडचं, म्हणजे पाण्यात थोडंच आयनांत सुटं होणाऱ्या अ‍ॅसिडचं गणित घ्या. ०.१० मोलर अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड असेल तर छेदातल्या वजाबाकीतला एक्स (सुटं झालेलं अ‍ॅसिड) सोडून देता येतो, पीएच २.८७ येतो, जेमतेम १.३ टक्के अ‍ॅसिड सुटं झालेलं असतं. तेच अ‍ॅसिड ०.००१० मोलर केलं की हा आकडा १३ टक्क्यांच्या आसपास जातो, एक्स सोडून द्यायची ५ टक्क्यांची मर्यादा ओलांडली, आता क्वाड्रॅटिक (वर्गसमीकरण) सोडवा. ही मर्यादा कुठेतरी सांगितली होती एवढं आठवतं, पण कुठल्या व्हिडिओत, कितव्या मिनिटाला? मग पट्टी पुढे सरकव मागे सरकव, दीडच्या स्पीडने ऐक, तोवर गणितातलं लक्ष गेलेलं असतं आणि बाजूला दुसराच व्हिडिओ खुणावत असतो. पुस्तकात मागे इंडेक्स बघितला, पान उघडलं, संपलं. कुणाला ही बारीक तक्रार वाटेल, कदाचित आहेही, पण केमिस्ट्रीत मागचं सारखं सारखं लागतं त्यामुळे मला हा त्रास रोजचा झाला आणि मी पुस्तकाकडे वळलो.

वळल्यावर आणखी एक लक्षात आलं. १० ग्रॅम नायट्रोजन आणि १० ग्रॅम हायड्रोजन, अमोनिया किती? हायड्रोजन तिप्पट लागतो म्हणून आधी तोच संपेल असं वाटतं. प्रत्यक्षात नायट्रोजन ०.३५७ मोल, हायड्रोजन जवळपास ५ मोल, म्हणजे संपतो नायट्रोजन आणि अमोनिया मिळतो १२.२ ग्रॅम. पुस्तकात आपण आधी चुकतो, मग उमजतं; व्हिडिओत हे तुम्ही चुकायच्या आत समोरचा बोलून टाकतो. पॉज करा म्हणतात, पण खरंच कोण करतं...

पुस्तकाचे तोटे आहेतच. सुरुवातीची मोजमापाची प्रकरणं रटाळ असतात, सिग्निफिकंट फिगर्स तेवढे बघून पुढे सरका. बऱ्याच पुस्तकांत उत्तरं एकाआड एक गणितांचीच असतात, तेव्हा सोडवायलाही तीच घ्या. आणि पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायच्या फंदात पडू नका, स्टॉइकिओमेट्री (रिअ‍ॅक्शनमध्ये काय किती लागतं, किती मिळतं) आणि सोल्युशन्सची गणितं आधी, थर्मोकेमिस्ट्री वेळ उरला तर.

ज्यांना वाचायचा मनापासून कंटाळा आहे त्यांनी व्हिडिओच घ्यावेत, अजिबात न करण्यापेक्षा ते कधीही बरं. फक्त बघताना शेजारी वही ठेवा आणि प्रत्येक नियमापुढे व्हिडिओचं नाव आणि मिनिट लिहा. मला विचाराल तर तेवढ्या वेळात पुस्तकातली दोन गणितं होतात.