स्क्रीनवर चौकोन दिसतायत: रॅमचा वेग उतरवावा की ग्राफिक्स कार्ड घ्यावं?

वेगळं कार्ड नसलेल्या पीसीवर रंगीत चौकोन, रेघा, तुटकी अक्षरं दिसायला लागली की सल्ले दोनच मिळतात. साधंसं ग्राफिक्स कार्ड टाकून मोकळं व्हा, किंवा बायोसमध्ये (पीसी सुरू होतानाच उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) रॅमचा वेग उतरवा आणि आहे त्यावरच चालवा. माझ्याकडे एएमडीचा रायझन ५ ५६००जी प्रोसेसर आहे, ग्राफिक्स त्याच्या आतच (इंटिग्रेटेड) आहे, आणि मी दोन्ही करून पाहिलं.

ड्रायव्हर नव्याने टाकून झाला असेल असं धरतो. केबलची शंका असेल तर स्क्रीनशॉट काढून मोबाईलवर उघडा. चौकोन त्यातही दिसले तर केबल आणि मॉनिटर बहुधा ठीक आहेत. बायोसच्या स्क्रीनवरही तेच दिसत असेल तर विंडोजच्या ड्रायव्हरला दोष देण्यात अर्थ नाही.

माझे चौकोन स्क्रीनशॉटमध्ये येत होते. मराठी पीडीएफ सरकवताना शिरोरेखा मध्येच तुटायची आणि तिथे हिरवट ठिपक्यांचा चौकोन उमटायचा. विंडो लहान-मोठी केली की गायब. रॅम ३६००ची, एक्सएमपी (रॅम तिच्यावर छापलेल्या वाढीव वेगाने चालवणारं बायोसमधलं सेटिंग) चालू. या प्रोसेसरला अधिकृत वेग डीडीआर४-३२००पर्यंतच आहे. त्यापुढे बऱ्याच जणांचं चालतं, पण हमी कुणी देत नाही.

आधी मित्राचं जीटी १०३० ग्राफिक्स कार्ड लावलं. स्क्रीन लगेच स्वच्छ झाली, आणि इंटिग्रेटेडसाठी राखून ठेवलेली रॅमही मोकळी झाली. ज्यांना बायोसमध्ये हात घालायचा नाही त्यांना हा मार्ग सोपा आहे, हे मान्य. फक्त घेताना जीडीडीआर५ मेमरीवालंच घ्या. त्याच नावाने डीडीआर४वालंही मिळतं. पहिल्याची मेमरी बँडविड्थ, म्हणजे डेटा ने-आण करायचा वेग, सेकंदाला ४८ जीबी, दुसऱ्याची जेमतेम १६.८. आरएक्स ६४०० हे कार्ड जास्त ताकदवान आहे, पण ते पीसीआयईच्या (कार्ड जोडायच्या स्लॉटच्या) चारच लेन, म्हणजे डेटाच्या वाटा, वापरतं. ते पीसीआयई ४.०साठी बनलंय आणि ५६००जीवर ३.० मिळतं, म्हणजे लेनचा वेग निम्मा. शिवाय त्यात व्हिडिओ एन्कोडर (व्हिडिओ आकसून साठवणारा भाग) नाही. स्क्रीन रेकॉर्डिंग करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

माझं मन मात्र दुसऱ्याच गोष्टीने फिरलं. कार्ड लावल्यावरही मोठी झिप उघडताना मधूनच सीआरसी एरर (डेटा मूळ फाइलशी जुळत नसल्याची सूचना) यायची, आणि तीच फाइल पुन्हा उघडली की नीट उघडायची. फाइल खराब असती तर दर वेळी अडली असती. इंटिग्रेटेडला स्वतःची मेमरी नसते. स्क्रीनवरचं चित्र त्याच रॅममध्ये असतं जिथे आपल्या फाइली उघडतात. कार्डाने चित्र तिथून हलवलं, बाकी सगळं तिथेच राहिलं. चुकलेला बिट चित्रात असला तर ठिपका दिसतो. तोच हिशेबाच्या शीटमध्ये किंवा घरच्या फोटोंची कॉपी होताना चुकला तर कळणारही नाही. स्वच्छ स्क्रीन आणि खाली चुकणारी रॅम ही जोडी मला चौकोनांपेक्षा जास्त खटकली.

कार्ड काढलं आणि पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६+ हे रॅम तपासणारं सॉफ्टवेअर चालवलं. ३६००वर लाल ओळी, म्हणजे चुका, आल्या. ३२००वर रात्रभर एकही नाही. त्यानंतर ना चौकोन, ना सीआरसी. दोन स्टिक असतील तर या बदलात बँडविड्थ ५७.६ वरून ५१.२ जीबीवर येते. रोजच्या कामात मला काहीच जाणवलं नाही. गेममध्ये थोडे फ्रेम जात असतील. ही बँडविड्थ प्रोसेसरसोबत वाटून घ्यावी लागते हे खरं, तरी आकडा जीटी १०३०पेक्षा कमी नाही. व्होल्टेज वाढवून ३६०० टिकवणारेही आहेत. मला तेवढ्यासाठी ती खटपट करावीशी वाटली नाही.

तुमचा अनुभव वेगळा असू शकतो, पण कार्डावर पैसे घालण्याआधी एक्सएमपी बंद करून बघा, असंच मी सांगेन. मेमटेस्ट इंटिग्रेटेडवर भार टाकत नाही, म्हणून नंतर एखादा गेम तासभर चालवा. एक्सएमपी बंद असतानाही लाल ओळी आल्या तर एकेक स्टिक वेगळी तपासा. खराब निघेल ती वॉरंटीत बदलून मिळू शकते. आणि रॅम निर्दोष असूनही बायोसमध्येच चौकोन दिसत असतील, तर संशय प्रोसेसरवर किंवा बोर्डावर जातो. तिथे कार्ड घेणं रास्त. फक्त त्याआधी प्रोसेसरचं बिल शोधा. एएमडीच्या बॉक्समधल्या रायझनला तीन वर्षांची वॉरंटी असते.