बँक सिंगापूरची झाली, आता कोड बदला

ठेवीदाराच्या नजरेतून पाहिलं तर सिंगापूरच्या डीबीएस बँकेने लक्ष्मी विलास बँक घेतली तो सौदा चोख. नोव्हेंबर 2020 मध्ये भारतीय उपकंपनीत 2,500 कोटी ओतले, ठेवी शाबूत राहिल्या. शेअरधारकांच्या हाती मात्र भोपळा. भांडवलच शून्यावर आणलं.

किरकिर नंतरची. खाते क्रमांक तोच असला तरी आयएफएससी, म्हणजे शाखेचा कोड, बदलला; जुना 2022 मध्ये बंद झाला. मग जुन्या कोडचे पोस्ट-डेटेड चेक परत येतात, हप्ता चुकतो, वर दंड. बडोद्याच्या दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या पेन्शनर मंडळींनी अजून घेतलं नसेल तर नवं चेकबुक मागवावं. पेन्शन, कर्ज, एसआयपी (म्युच्युअल फंडाचा हप्ता) सगळीकडे नवा कोड द्यावा. पोच शिक्क्यासकट घ्यावी, तोंडी 'होऊन जाईल' चालत नाही. एकूण सौद्याला पाचपैकी साडेतीन गुण.