गुडघ्याची प्रतिकृती: सहा महिन्यांच्या वापरानंतर

माझ्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यासाठी सहा महिन्यांपूर्वी उजव्या गुडघ्याची, प्रत्यक्ष आकाराची प्लास्टिकची प्रतिकृती २,४०० रुपयांना मागवली. मांडीचे हाड, नडगी, तिच्या बाहेरच्या अंगाचे बारीक हाड, वाटी, हाडांमधल्या दोन चकत्या (मेनिस्कस) आणि हाडांना जोडणारे चार मुख्य अस्थिबंध तिच्यात आहेत, आणि सांधा खरोखर वाकतो.

तिचा खरा उपयोग ‘गॅप’ समजावताना होतो. एक्स-रे काढून आलेले रुग्ण ‘गॅप कमी झाली, वंगण संपलं’ असे सांगतात; पण एक्स-रेवरची ती काळी पट्टी म्हणजे पोकळी नसून, तिथे एक्स-रेत न उमटणारी कूर्चा (हाडांच्या टोकांवरचे गुळगुळीत आवरण) आणि चकत्या असतात, हे नुसते सांगून पटत नाही. या प्रतिकृतीत हाडांच्या टोकांवर कूर्चेचा निळसर पांढरा थर वेगळ्या रंगात दाखवला आहे. सत्तरीच्या एका आजींनी त्यावरून अंगठा फिरवला आणि ‘म्हणजे हे झिजतंय होय?’ असे विचारले, तेव्हा माझे अर्धे काम झाले होते. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात, तिचे पोषण मुख्यतः सांध्यातील द्रवातून होते, आणि सांधा हलला व त्यावर भार आला की तो द्रव तिच्यात आत-बाहेर होतो. म्हणून गुडघा दुखतो या भीतीने तो हलवायचाच नाही, हे चुकीचे ठरते, एवढे मला त्यानंतर सांगता आले. वाटी खोबणीतून कशी सरकते, हेही छान दिसते.

चकत्यांच्या बाबतीत मात्र निर्मात्याने हयगय केली आहे. दोन्ही एकाच साच्यातून काढून घट्ट चिकटवल्या आहेत. प्रत्यक्षात आतल्या बाजूची चकती अधिक उघड्या कमानीची असते आणि आतल्या अस्थिबंधाला जोडलेली असल्याने फारशी हलत नाही, तर बाहेरची जवळजवळ गोल आणि अधिक सरकणारी असते. आतली चकती जास्त वेळा का फाटते, याचे एक मोठे कारण हाच फरक आहे, आणि नेमका तोच इथे हरवला आहे.

चौथ्या महिन्यात एसीएलचा, म्हणजे सांध्याच्या आतल्या पुढच्या अस्थिबंधाचा, रबरी पट्टा नडगीवरून सुटला. विक्रेत्याने दोन पत्रांना उत्तर दिले नाही. शेवटी मीच तो चिकटवला.

रुग्णांना समजावण्यासाठी ही प्रतिकृती मी निश्चित सुचवेन. विद्यार्थ्यांसाठी घ्यायची असल्यास मात्र चकत्या सुट्या निघणारी प्रतिकृतीच मागावी.