सीजीएमचे आठ महिने आणि पहाटे तीनचा अलार्म

सीजीएम म्हणजे दंडावर चिकटवायचा, सतत शुगर मोजून फोनवर दाखवणारा सेन्सर. माझा चौदा दिवसांचा, पण गेल्या आठवड्यात नवव्या दिवशीच निघाला. अंग पुसताना टॉवेलचा धागा कडेला अडकला आणि अख्खी चकती हातात आली. खालची केसासारखी तार वाकलेली. पाच दिवस फुकट गेले याचा मला फार त्रास झाला. कस्टमर केअरने सीरियल नंबर मागितला आणि खोका मी पहिल्याच दिवशी फेकला होता. तीन दिवस फोनाफोनी केल्यावर नंबर ॲपमध्येच सापडला, तेव्हा कुठे बदली सेन्सर मिळाला. खोका शेवटच्या दिवसापर्यंत जपून ठेवा.

त्या दिवसांत पुन्हा बोटं टोचत बसलो आणि सेन्सरची किती सवय झालीय ते कळलं. म्हणून सविस्तर लिहितोय.

माझी खरी तक्रार रात्रीच्या अलार्मची. मी टाइप 2 मधुमेही, रात्री लाँग-ॲक्टिंग (बराच वेळ हळूहळू काम करणारं) इन्सुलिन घेतो. पहिले दोन महिने आठवड्यातून तीन-चारदा पहाटे तीनच्या सुमारास अलार्म वाजायचा: शुगर 58, म्हणजे फारच कमी. उठून ग्लुकोज पावडर प्यायचो आणि सकाळी बघावं तर 210. एकदा वैतागून बोट टोचलं, तर ग्लुकोमीटरवर 112! तेव्हा यंत्र बंदच करायचं ठरवलं होतं.

कारण साधं निघालं. मी डाव्या कुशीवर झोपतो आणि सेन्सर डाव्याच दंडाला. तो रक्तातली शुगर मोजत नाही, कातडीखाली पेशींभोवती जो द्रव असतो त्यातली मोजतो. दंडावर भार पडला की तिथला रक्तपुरवठा दबतो आणि आकडा खोटाच घसरतो. ग्राफवर हे ओळखू येतं: रेघ कड्यावरून कोसळावी तशी खाली जाते, आणि कूस बदलली की थोड्याच वेळात तशीच वर येते. सेन्सर उजव्या दंडावर घेतला आणि अलार्म जवळपास थांबले.

पण तोवर अलार्मवरचा माझा विश्वासच उडाला होता, आणि तिथे मी चुकलो. पाचव्या महिन्यात एका संध्याकाळी बराच वेळ चढावर चाललो, रात्री डोस मात्र नेहमीचाच घेतला. पहाटे अलार्म वाजला, मी फोन पालथा घातला. बायकोने दिवा लावून ग्राफ पुढे धरला. या वेळी रेघ दोन तास हळूहळू उतरत आली होती. बनियन घामाने भिजलेलं, हात थरथरत होते. मीटरवर 51. पंधरा ग्रॅम ग्लुकोज घेतलं. पंधरा मिनिटांनी मीटर 78 दाखवत होतं आणि सेन्सर अजून 55 वरच! त्याच्या भरवशावर आणखी गोड खाल्लं असतं तर सकाळी पुन्हा दोनशेच्या वर. सेन्सर रक्ताच्या पाच ते पंधरा मिनिटं मागे असतोच. शुगर भराभर बदलत असेल तेव्हा बोट टोचायचंच. आणि घाम-थरथर असेल तर आकड्याची वाटही पाहायची नाही, आधी ग्लुकोज. नंतर डॉक्टरांनी ग्राफ बघून डोस कमी केला.

बाकी मी समाधानी आहे. उपाशीपोटी 118 येतं म्हणून वर्षानुवर्षं निर्धास्त होतो. रात्रीच्या जेवणानंतर रोज 240 होत होती हे पहिल्या आठवड्यातच दिसलं. जेवल्यावर वीस मिनिटं चालायला लागलो, तेव्हापासून ती 180 च्या आसपास थांबते. शुगर 70 ते 180 या योग्य पट्ट्यात राहण्याचा वेळ 52 टक्क्यांवरून 74 वर आलाय, आणि एचबीए1सी (साधारण तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी तपासणी) 8.4 वरून 7.1.

तरी कंपनीवाल्यांनी रात्रीच्या त्या उभ्या घसरणीसाठी अलार्मचा वेगळा आवाज द्यायलाच हवा. झोपेतल्या माणसाने ग्राफ वाचावा ही अपेक्षा चुकीची आहे. नवा सेन्सर काल उजव्या दंडावर लावलाय. पहिल्या दिवशी आकडे इकडेतिकडे असतात, म्हणून आज मीटर उशाशी आहे.