परतणाऱ्या कुटुंबांसाठीची शाळा-शोध सेवा : पैसे कशाचे द्यावेत, कशाचे नाही

परदेशातलं बस्तान गुंडाळून मायदेशी निघालेल्या कुटुंबाला 'स्कूल सर्च' किंवा 'स्कूल प्लेसमेंट' नावाची सेवा हमखास विकली जाते. कधी ती सामान हलवणाऱ्या कंपनीच्या पॅकेजमध्येच असते, कधी तिचं बिल नोकरी देणारी कंपनी भरते, तर कधी एखादा स्वतंत्र सल्लागार ताशी किंवा ठोक फी घेऊन काम करतो. इथे कुठल्याही एका फर्मला गुण द्यायचे नाहीत. सेवेचे भाग सुटे करायचे आणि कुठल्या भागाचे पैसे वसूल होतात ते बघायचं आहे. आमचं मत असं : शाळांच्या यादीचे पैसे देऊ नयेत. इयत्ता ठरवणं, कागदपत्रं जुळवणं आणि नेमक्या त्या वर्गात जागा आहे याची खातरजमा करणं, या तीन कामांचे जरूर द्यावेत. पॅकेजमध्ये मात्र यादी आणि शाळाभेटी पानभर रंगवलेल्या असतात आणि ही तीन कामं 'इतर साहाय्य' या ओळीत उरकलेली असतात.

यादीपासूनच सुरुवात करू. आयबी (इंटरनॅशनल बॅकॅलॉरिएट) या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम चालवणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर त्यांच्या मान्यताप्राप्त शाळा देशानुसार आणि कार्यक्रमानुसार फुकट शोधता येतात. इंग्लंडमध्ये सरकारची शाळा-नोंदवही आणि शाळा तपासणाऱ्या ऑफस्टेड या सरकारी संस्थेचे अहवाल कुणीही वाचू शकतं. अमेरिकेत एनसीईएस या केंद्र सरकारच्या शिक्षण-आकडेवारी संस्थेच्या शोधयंत्रात सरकारी शाळा त्यांच्या स्कूल डिस्ट्रिक्टसकट, म्हणजे त्या चालवणाऱ्या स्थानिक प्रशासनासकट, सापडतात. सल्लागाराची चकचकीत पीडीएफ बहुधा याच माहितीवर उभी असते. त्यात शाळेचं बोधवाक्य आणि पोहण्याच्या तलावाचा फोटो असतो, वर्गाचा पट नसतो. 'तीन ते पाच शाळांची निवडक यादी' एवढंच हाती येणार असेल तर ते काम घरच्या घरी एका संध्याकाळचं आहे.

शाळाभेटींबद्दल थोडक्यात. सोबत येणारा माणूस गाडी चालवतो, वेळा ठरवतो आणि शाळेतल्या प्रवेश अधिकाऱ्याला नावाने ओळखतो. यातलं तिसरंच उपयोगाचं. पूर्ण दिवसात चारपेक्षा जास्त शाळा लावून दिल्या असतील तर तो भेटींचा नव्हे, फाटकं बघण्याचा कार्यक्रम समजावा.

सेवेचा खरा कस लागतो तो इयत्ता ठरवताना. प्रत्येक देशाची वयाची तारीख वेगळी, वर्षाची सुरुवात वेगळी आणि इयत्तांचे आकडेही वेगळे. इंग्लंडमध्ये ३१ ऑगस्टची रेषा चालते आणि मूल चार पूर्ण झाल्यानंतरच्या सप्टेंबरमध्ये रिसेप्शन या शाळेच्या पहिल्या वर्गात जातं. अमेरिकेत तारीख राज्यागणिक बदलते, १ सप्टेंबर बऱ्याच ठिकाणी दिसते. जपानमध्ये शाळेचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, सिंगापूर आणि ऑस्ट्रेलियात वर्षाच्या सुरुवातीला. ऑगस्ट २०१६ मध्ये जन्मलेलं मूल घ्या. सप्टेंबर २०२५ मध्ये ते इंग्लंडमध्ये 'इयर फाइव्ह'मध्ये बसतं. तेच मूल ऑक्टोबरमध्ये सिंगापूरला परतलं तर त्याच्या वयाची मुलं 'प्रायमरी थ्री'चे शेवटचे काही आठवडे शिकत असतात आणि जानेवारीत 'प्रायमरी फोर'ला जातात. कागदावर पाचाचे तीन झाले म्हणून पालक हबकतात. प्रत्यक्षात मूल मागे पडलेलं नसतं, दोन देशांची मोजपट्टी वेगळी असते. जाणकार सल्लागार जन्मतारीख ऐकून हे फोनवरच सांगतो. 'शाळा ठरवेल' असं उत्तर आलं तर तो या कामाचे पैसे घ्यायला लायक नाही.

दक्षिण गोलार्धातून उत्तरेत येताना अर्ध्या वर्षाचा पेच असतोच. डिसेंबरला वर्ष संपवून आलेल्या मुलाने चालू वर्गात मध्येच शिरायचं की आधीच्या वर्गाचा उरलेला अर्धा भाग पुन्हा करायचा? प्राथमिक शाळेत वयाबरोबर राहणं बहुधा बरं. वाचन-लेखनाची माध्यमभाषाच बदलत असेल तर मात्र एक अर्धवर्ष मागून सुरुवात करण्यात कमीपणा नाही. तेरा-चौदा वर्षांपुढे हिशोब उलटतो, कारण तिथे परीक्षा आडवी येते.

ही परीक्षेची भिंत सेवेच्या माहितीपत्रकात क्वचितच दिसते. जीसीएसई आणि आयजीसीएसई (सोळाव्या वर्षाच्या सुमारास द्यायच्या ब्रिटिश पद्धतीच्या परीक्षा) हे सर्वसाधारणपणे दोन वर्षांचे अभ्यासक्रम आहेत. आयबीचा डिप्लोमाही दोन वर्षांचा : सहा विषय, त्यातले निदान तीन उच्च स्तराचे, शिवाय विस्तारित निबंध. भारतात सीबीएसईची नोंदणी नववीत आणि अकरावीत होते. अशा जोडीच्या दुसऱ्या वर्षात नव्या शाळेत शिरणं फार अवघड असतं. जागा नसते म्हणून नव्हे, तर पहिल्या वर्षातलं काम नव्या शाळेत बसत नाही म्हणून. डिप्लोमा दोन्हीकडे असला तरी जुन्या शाळेत घेतलेला विषयांचा संच नव्या शाळेत शिकवलाच जात नसेल तर अडतं. इंग्लंडमध्ये इतिहास दोन्ही शाळांत असतो, पण परीक्षा मंडळ वेगळं असलं की पाठ्यघटकही वेगळे निघतात. त्यामुळे सल्लागाराला शाळेचं नाव विचारू नका. त्या शाळेत प्रत्येक विषयाचं मंडळ, अभ्यासक्रमाचा सांकेतिक क्रमांक आणि आतापर्यंत पुऱ्या झालेल्या घटकांची यादी मागा. हे आणून देणारा सल्लागार महाग असला तरी घ्यावा.

गणिताची गोष्ट वेगळीच. अमेरिकेतल्या पुष्कळ शाळांत अल्जिब्रा वन, जिऑमेट्री, अल्जिब्रा टू असे विषय वर्षवार सुटे शिकवतात. इतर बहुतेक ठिकाणी बीजगणित, भूमिती आणि त्रिकोणमिती दरवर्षी थोडी थोडी पुढे सरकते. त्यामुळे अमेरिकेतून आलेल्या हुशार मुलाचाही एखादा अख्खा भाग कोरा असू शकतो आणि दुसऱ्या भागात ते वर्गाच्या पुढे असतं. प्रवेश परीक्षेत हे 'कच्चं गणित' म्हणून नोंदलं जातं. सल्लागाराने परीक्षेआधी नमुना प्रश्नपत्रिका मिळवून कोरे भाग दाखवले तर महिन्या-दोन महिन्यांत ते भरता येतात. ही सेवा पॅकेजमध्ये आहे का ते विचारा. नसली तर शाळाभेटींच्या बदल्यात मागून घ्या.

आता कागद. किमान संच असा : जन्मदाखला, पासपोर्ट, मागच्या दोन-तीन वर्षांची प्रगतिपुस्तकं, शाळा सोडल्याचा दाखला, लसीकरणाची नोंद. ज्या देशाच्या शाळा साक्षांकित कागद मागतात तिथे अपोस्टिल, म्हणजे कागद अस्सल असल्याचा सरकारी शिक्का, लागतं. १९६१ च्या हेग करारातल्या देशांमध्ये एवढा एक शिक्का पुरतो. चीनमध्ये हा करार नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि कॅनडात जानेवारी २०२४ मध्ये लागू झाला. त्याआधीची माहिती सांगणारा सल्लागार आजही दूतावासाच्या रांगेत उभं करतो. संयुक्त अरब अमिरात करारात नाही, म्हणून तिथून निघणाऱ्यांना तिथलं परराष्ट्र मंत्रालय आणि आपला दूतावास अशी साखळी पुरी करावी लागते. मुद्दा असा की अपोस्टिल कागद जिथे निघाला त्याच देशात मिळतं. विमानात बसल्यावर आठवलं तर कुरिअर, मुखत्यारपत्र आणि मनस्ताप.

दाखल्याचा तिढाही नेहमीचा. जुनी शाळा शेवटचा दिवस आणि शेवटची फी झाल्याशिवाय दाखला देत नाही, नवी शाळा दाखल्याशिवाय जागा पक्की करत नाही. यावर उतारा म्हणजे जुन्या शाळेच्या लेटरहेडवर सध्याची इयत्ता, वर्षअखेरीची तारीख आणि 'फी बाकी नाही' असं लिहिलेलं पत्र, आणि नव्या शाळेकडून दाखला नंतर देण्याची लेखी मुदत. फी भरायच्या शाळांत बहुधा एका टर्मची आगाऊ सूचना द्यावी लागते. ती चुकली तर न शिकलेल्या टर्मची फी भरावी लागते, आणि सल्लागाराच्या वेळापत्रकात ही तारीख बहुतेकदा नसते.

लसीकरणाच्या नोंदी तारखांसकट आणि डॉक्टरांच्या सहीशिक्क्यासह असाव्यात. देशागणिक वेळापत्रक बदलतं, त्यामुळे काही डोस कमी पडतात आणि ते पुरे होईपर्यंत काही शाळा वर्गात बसू देत नाहीत. विशेष गरजा असलेल्या मुलांचं काम सगळ्यात नाजूक. अमेरिकेतला आयईपी, म्हणजे अशा मुलासाठी शाळेने केलेला वैयक्तिक शिक्षण आराखडा, हा तिथल्या कायद्याचा कागद आहे, सीमा ओलांडली की तो फक्त माहिती म्हणून उरतो. नव्या ठिकाणी मूल्यमापन पुन्हा होतं. म्हणून आयईपीबरोबर मूळ चाचण्यांचे आकडे, त्यांची नावं आणि तारखा हव्यात. नुसतं 'अतिरिक्त वेळ द्यावा' एवढ्यावर नवी शाळा काही देत नाही.

आणि जागा. 'शाळेत जागा आहे' या वाक्याला काही अर्थ नाही. त्या इयत्तेच्या तुकड्या किती, प्रत्येकीचा पट किती, मर्यादा किती आणि प्रतीक्षा यादीत आत्ता कितवा क्रमांक लागेल, ही चार उत्तरं तारखेसह हवीत. इंग्लंडच्या सरकारी शाळांत रिसेप्शन, इयर वन आणि टू या वर्गांना एका शिक्षकामागे ३० मुलांची कायदेशीर मर्यादा आहे. काही अपवाद सोडले तर ३१ व्या मुलाला तिथे दार बंद, आणि अपिलातही वाव कमी. त्याच शाळेत इयर थ्रीला ही मर्यादा नसते, म्हणून धाकट्याला नकार आणि थोरल्याला होकार असा प्रकार घडतो. भावंडांचं प्राधान्यही पहिलं मूल आत गेल्यावरच लागू होतं. सल्लागाराने दोघांचे अर्ज कोणत्या क्रमाने टाकायचे हे सांगितलं पाहिजे, कारण जिथे जागा मिळणं अवघड तिथे आधी सोप्या वर्गातलं मूल पुढे करायचं असतं.

पत्त्याचा घोळ हा परतणाऱ्यांचा खास. घर घेतल्याशिवाय त्या भागातल्या सरकारी शाळेत अर्ज धरत नाहीत, शाळा ठरल्याशिवाय घर कुठे घ्यायचं कळत नाही. मूल त्या देशाचं नागरिक आहे एवढ्याने हे सुटत नाही. पाहिलं जातं ते राहण्याचं ठिकाण. अपवाद आहेत. इंग्लंडच्या प्रवेशसंहितेप्रमाणे सैन्यातल्या आणि परदेशी नेमलेल्या सरकारी नोकरांच्या कुटुंबांना, परतण्याची तारीख सांगणारं अधिकृत पत्र असेल तर, येण्याआधीच जागा देता येते. वर्षाच्या मध्ये अर्ज केला तर तिथे उत्तर १५ शालेय दिवसांच्या आत द्यावंच लागतं. इतरांसाठी आमचा सल्ला : अल्प मुदतीचं भाड्याचं घर दोन-तीन शाळांच्या सामाईक पट्ट्यात घ्यावं, आणि त्या कराराचा पत्ता शाळा मान्य करते का हे आधी लेखी विचारावं. काही प्रशासनं बारा महिन्यांपेक्षा कमी मुदतीच्या कराराकडे संशयाने बघतात.

काही देश हे काम स्वतःच करतात आणि सल्लागार ते सहसा सांगत नाहीत, कारण त्यात त्यांना काम उरत नाही. सिंगापूरचं शिक्षण मंत्रालय परतणाऱ्या नागरिकांच्या मुलांसाठी 'स्पर्स' नावाची वेगळी प्रवेशप्रक्रिया चालवतं. जपानमध्ये 'किकोकु-शिजो', म्हणजे परदेशातून परतलेली मुलं, यांच्यासाठी अनेक शाळांत स्वतंत्र प्रवेश परीक्षा किंवा कोटा असतो. त्यात परदेशात किती वर्षं राहिलात आणि परतून किती काळ झाला याच्या अटी असतात. परतून मुदत उलटली की हक्क गेला. मायदेशाचं शिक्षण खातं आणि दूतावास यांना एक ईमेल टाकून मगच सल्लागाराला फोन करावा.

पैशांच्या बाजूला एक गोष्ट तपासायलाच हवी : सल्लागार शाळेकडूनही कमिशन घेतो का? फी घेणाऱ्या काही शाळा मूल आणून देणाऱ्याला मोबदला देतात आणि मग यादीत त्याच शाळा वर सरकतात. अमेरिकेतल्या आयईसीए या स्वतंत्र सल्लागारांच्या संघटनेची आचारसंहिता सदस्यांना असा मोबदला घेऊ देत नाही. संघटनेबाहेरच्या सल्लागाराला हे लेखी विचारा. 'आमची सेवा पालकांना मोफत' हे वाक्य दिसलं की पैसे कोण देतं ते समजून घ्यावं. अशी सेवा वाईटच असते असं नाही, पण सरकारी शाळेचं नाव तिथून येणार नाही.

करारात 'यश' कशाला म्हणतात ते बघा. प्रतीक्षा यादीवर नाव चढलं म्हणजे काम झालं, असं लिहिलेलं आढळतं. त्याजागी त्या इयत्तेचं, सुरू होण्याच्या तारखेसह लेखी प्रवेशपत्र हवं. जाण्याची तारीख पुढे गेली तर तास वाया जातात का, नोंदणी फी आणि अनामत कोणाच्या नावाने भरायची, नकार आल्यावर आणखी किती शाळांत प्रयत्न होणार, हेही तिथेच ठरवून घ्यावं. मुलाचे पासपोर्ट, प्रगतिपुस्तकं आणि मानसशास्त्रज्ञाचे अहवाल सल्लागार एकाच ईमेलने डझनभर शाळांना धाडू शकतो. शाळेचं नाव सांगून, पालकांची लेखी परवानगी घेतल्याशिवाय वैद्यकीय किंवा मूल्यमापनाचा अहवाल पुढे जाणार नाही, ही ओळ सही करण्याआधी घालून घ्यावी.